बटणाखालचं रबर

ये गो, जवळ ये. कागदावरून जवळ कसं यायचं ते मला विचारू नको. चष्मा पूस, मांडी घालून बस, झालं. आधी मला तुझ्यावर रागवायचं आहे.

परवा तू फोनवर म्हणालीस, "मावशी, आमच्या ऑफिसात एक परदेशातला खटला वाचायला आलाय. व्हिडिओ गेमच्या हँडलचा. खेळताना गाडी आपटली की हँडल हातात थरथरतं ना, ती थरथर कुणाची, म्हणून कंपन्या भांडतायत." मी म्हटलं, "मग?" तर तू म्हणालीस, "जाऊ दे, तुला कंटाळा येईल," आणि ठेवलास की फोन! अगो बाय, मला कंटाळा? दुसऱ्या कुठल्या मावशीला येईल, मला कसा येईल? लहानपणी सुट्टीत यायचीस तेव्हा माझ्या हातांना राळेचा वास येतो म्हणून नाक मुरडायचीस, आठवतं का? तो वास कशाचा होता, हे तू वकील होऊनसुद्धा कधी विचारलं नाहीस. आता मीच सांगते. मला जे विचारायचं आहे ते शेवटी विचारीन, मधून उठू नको.

नव्वद सालाच्या पुढची गोष्ट. मुरबाडला एमआयडीसी आली होती. मोठे कारखाने रस्त्याला, आणि मागच्या बाजूला लहान लहान गाळे. तसल्या एका गाळ्यात आम्ही बायका टीव्हीला जोडायच्या खेळाची हँडलं बनवायचो. काळं प्लॅस्टिक, डाव्या अंगठ्याला अधिकाच्या चिन्हाचं बटण, उजव्या अंगठ्याला लाल बटणं. आत एक हिरवी पट्टी, तिला वायरींचे डाग लावायचे, म्हणजे कथील वितळवून वायरी चिकटवायच्या. राळेचा धूर त्यातनंच निघायचा. पुढे माझे डोळे चुरचुरायला लागले म्हणून शेठनं मला तपासणीला बसवलं. शेठ म्हणजे गाळ्याचा मालक. माणूस तापट, पण पाच वाजता चहा आल्याशिवाय कुणावर ओरडायचा नाही.

तपासणी म्हणजे काय, तर समोर एक छोटा टीव्ही. तयार झालेलं हँडल त्याला जोडायचं आणि सगळी बटणं दाबून बघायची. पडद्यावर विमानं यायची. डावीकडचं बटण दाबलं की आपलं विमान हलतं, लाल दाबलं की गोळी सुटते. म्हणजे बघ, तुझी मावशी दिवसभर विमानं पाडायची आणि घरी येऊन भाकऱ्या थापायची. सासूबाई शेजारणीला सांगायच्या, "आमची सून टीव्ही बगायचा पगार घेते." शेजारीण म्हणायची, "तिथं जागा हाय का गो अजून?"

आता अडचण काय होती ते ऐक. ते लाल बटण. गोळ्या सोडताना लोक ते जीव खाऊन दाबतात. आतली रबरी चादर स्वस्तातली, थोड्या दिवसांत ढिली पडायची. बटण आत जाऊन बसायचं ते वर यायचंच नाही. उल्हासनगरचे दुकानदार माल परत पाठवायचे. माझ्या शेजारच्या खोक्यात अशी रुसलेली हँडलं साचायची, आणि चहा झाला की शेठ त्या खोक्याकडे बघून सुरू व्हायचा.

माझ्या बाजूला जी बसायची ती वैशाखऱ्याची. आम्ही एकमेकींना गावावरूनच हाका मारायचो. ती रोज माळशेजकडून येणाऱ्या एसटीनं यायची. पान खायची, कमी बोलायची, आणि बोलली की समोरच्याला हसावं का रडावं कळायचं नाही. एक दिवस तिनं त्या खोक्यातलं एक हँडल उचललं, स्क्रू काढले, पिशवीतनं सायकलच्या वॉलट्यूबचा तुकडा काढला. चाकात हवा भरायच्या नळीवर चढवतात ना, ती बारीक रबराची नळी. ब्लेडनं तिची एक बारीक कडी कापली, लाल बटणाच्या दांड्यावर चढवली आणि हँडल बंद करून माझ्या पुढ्यात ठेवलं.

"पाड विमानं," ती म्हणाली.

मी पाडली. बटण दाबलं की आत, सोडलं की टुणकन वर. मी अंगठा दुखेपर्यंत दाबलं, तरी वरच.

"गो, हे काय केलंस?"

"बसलं व्हतं, उठवलं," ती म्हणाली आणि आपल्या जागी जाऊन डाग लावायला लागली.

तेव्हापासून प्रत्येक हँडलमध्ये ती कडी जायला लागली. शेठनं वॉलट्यूबची भेंडोळीच आणली. खोकं रिकामं झालं, एवढं की त्यात एका बाईनं आपली चप्पल ठेवायला सुरुवात केली. माल परत येईना. शेठनं सगळ्यांना भजी खायला घातली. वैशाखऱ्याचीला दोन पुड्या जास्त. तिनं त्या घरी नेल्या.

असं छान चाललं होतं. मग एका गणपतीच्या आगंमागं शेठ हातात कागद घेऊन आला आणि चहा यायच्या आधीच ओरडला. तेव्हाच आम्हाला कळलं की काहीतरी मोठं झालंय.

मुंबईकडची एक मोठी कंपनी होती, ती पण हँडलं बनवायची. तिनं बटणाखालच्या लवचीक कडीचं पेटंट घेतलं होतं आणि आमच्यावर कोर्टात दावा टाकला होता. म्हणणं असं, की ही कडी आमची, मुरबाडच्या गाळ्यानं ती चोरली, म्हणून गाळ्याचं काम थांबवा आणि बनलेला माल नष्ट करा. दिवाळीनंतरची तारीख पडली होती. त्या दिवशी काम थांबवायचं की नाही ते ठरणार होतं.

वैशाखऱ्याचीकडे कुणी बघेना. तिच्या घरचं सगळ्यांना ठाऊक होतं. तिकडची पुष्कळ माणसं भात झोडून झालं की वीटभट्टीवर जातात, पावसाळ्याच्या तोंडाशी परत येतात. भट्टीवाल्याचा मुकादम दिवाळीच्या सुमाराला फिरतो. त्याला एकटा माणूस चालत नाही, जोडी लागते. नवरा गारा, म्हणजे विटांचा चिखल करतो, बायको विटा थापते. गाळ्यात काम लागल्यापासून वैशाखऱ्याची भट्टीवर गेली नव्हती, आणि तिची मुलगी एका जागी राहून सातवीपर्यंत आली होती. गाळा बंद झाला तर ती परत जोडीत जाणार आणि मुलीची शाळा सुटणार. चहा तसाच गार झाला.

चार दिवसांनी शेठनं कल्याणची एक वकीलबाई आणली. तरुण होती, साडी खोचून आमच्यात फरशीवर बसली. म्हणून ती मला आवडली. तू पण अशीच बसतेस का गो अशिलाकडे? बसत जा.

आम्ही विचारलं, "पेटंट म्हंजे काय वो, बाई?"

ती म्हणाली, "समजा एखाद्यानं नवीन काहीतरी शोधून काढलं. तर सरकार त्याला म्हणतं, ते तू सगळ्यांना उघड करून सांग. त्याच्या बदल्यात काही वर्षं ते फक्त तू करायचं. बाकीच्यांनी तुला विचारल्याशिवाय करायचं नाही."

आमच्यातली सगळ्यात म्हातारी बाई, जिला आम्ही काकी म्हणायचो, ती जरा विचार करून म्हणाली, "म्हंजे शेणातली काडी."

"काय?"

मग आम्हीच तिला समजावलं. तुला पण सांगते, तू शहरातली. माळावर गुरं चरतात, मागनं पोरी पाट्या घेऊन शेण गोळा करत जातात. पाटी भरली आणि पुढे अजून एक शेणाचा पो दिसला तर काय करायचं? त्यात काडी खोचायची. काडी खोचली की तो तिचा. मागनं दुसरी आली, तिची पाटी रिकामी असली, घरी सासू वाट बघत असली, तरी ती त्याला हात लावत नाही. कुणी शिकवत नाही हे, सगळ्यांना ठाऊक असतं. पण दिवस मावळला आणि तू न्यायला आली नाहीस, तर मग काडी गेली. दुसऱ्या दिवशी जी आधी येईल तिचं.

वकीलबाई इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. "अगदी हेच," ती म्हणाली. "फक्त आमच्याकडे दिवस उशिरा मावळतो."

"मंग काडी आदी आमची हाय!" काकी म्हणाली. "ही वैशाखऱ्याची बगा. हिनं खोचली."

वकीलबाई म्हणाली, "त्यांच्या आधीपासून होतं हे दाखवता आलं, तर उपयोग होईल. कोर्टानं नेमलेला एक अधिकारी इथे बघायला येणार आहे. तेव्हा जे आहे ते सांगा." शेठकडून कागद घेऊन ती गेली.

ती "जे आहे ते" म्हणाली. आम्ही ऐकलं ते आमच्या मनासारखं. ती गेल्यावर आम्ही वैशाखऱ्याचीला मधे बसवली आणि पढवायला लागलो. मी सगळ्यात पुढे.

"विचारलं की सांगायचं, हे मी शोधलं. माझ्या डोक्यातनं निघालं. म्हण बघू."

"मी शोदलं," ती म्हणाली, आणि हातातल्या रबराच्या तुकड्याकडे असं बघितलं जसं त्यानं तिला शिवी दिली.

"जोरात म्हण."

"येवढ्या जोरात कोन शोदतो गो?"

आता गंमत सांगते, तुझ्या कानात. आमचा खेळ, तो टीव्हीवरचा, तो तरी मुळात कुठे आमचा होता? परदेशातलं यंत्र उघडून बघून बनवलेला. ती मोठी कंपनी पण तेच करायची. मी हे वकीलबाईला नंतर एकदा विचारलं, तर ती इकडेतिकडे बघून म्हणाली, "मावशी, तो प्रश्न या दाव्यात कुणी विचारलेला नाही. तुम्ही पण विचारू नका." तेव्हा माझ्या डोक्यात भुंगा शिरला की कुणाच्या वस्तूत कुणाची वस्तू आणि त्यात कुणाची, हे उघडत गेलं तर शेवट कुठे होतो?

तो अधिकारी आला नवरात्रात. डोक्यावर विरळ केस, घाम पुसत आला. बरोबर त्या कंपनीचा वकील, आमची वकीलबाई, आणि दारात शेठ, ज्यानं त्या दिवशी गंध लावलं होतं. अधिकाऱ्यानं एक हँडल उघडायला सांगितलं. कडी बाहेर काढली, बोटावर घेऊन बघितली. मग विचारलं, "ही घालायची कल्पना कुणाची?"

आम्ही सगळ्यांनी एकदम वैशाखऱ्याचीकडे बघितलं. ती उठली, पदर खांद्यावर घेतला, आणि म्हणाली, "माजी नाय."

अधिकाऱ्यानं कडीवरून नजर उचलली.

"मग कुणाची?"

"कुनाची म्हंजे? आमच्याकडं बॅटरीच्या बटनाला घालतात. सगलेच घालतात. ह्याचं पन बटनच हाय, म्हनून मी घातली."

समोरचा वकील हसला, बारीक. शेठनं डोळे मिटले. मी मनात म्हटलं, गेलं. सगळं गेलं. आता ह्या बाईनं स्वतःच सांगितलं की माझी नाही, तर मग त्यांचीच ठरणार ना! काकी तोंडावर पदर घेऊन पुटपुटली, "आपल्या हातानं काडी उपटली की गो."

पण आमची वकीलबाई पुढे झाली. "बॅटरी म्हणजे टॉर्च ना? कुठल्या बटणाला? कधीपासून?"

"मी लग्न होऊन आले तेवापासून बगते. सासऱ्याच्या बॅटरीत हाय. त्याच्या आदीचं त्यालाच म्हाईत."

मग समोरच्या वकिलाचं हसू कुठे गेलं ते मला तेव्हा कळलं नाही. अधिकाऱ्यानं सगळं लिहून घेतलं आणि गेला.

संध्याकाळी एसटी स्टँडवर मी तिच्यावर तुटून पडले. माझी वाट उलट्या दिशेला, पण मी गेलेच तिच्याबरोबर.

"तुला शिकवलं होतं ना? माझी म्हणायचं!"

"माजी न्हवती ती."

"अगो, म्हटलं असतंस तर काय झालं असतं? कोण विचारायला येणार होतं वैशाखऱ्याला?"

"मला खोटं जमत नाय. सासूला विचार. गुपचूप गूळ खाल्ला तरी माज्या तोंडावर लिवलेलं असतं."

"आणि मुकादम?"

तिनं फलाटावर गाडी लागली का ते बघितलं. "येऊन गेला तो. जोडी येनार का, विचारून गेला. घरवाल्यानं दिवालीपर्यंत सांगतो म्हनून सांगितलं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पन तू मला सांग. नदीच्या पान्यात काडी कशी खोचायची? खोचली तरी कुनाला दाखवायची?"

तिची गाडी लागली, ती चढली. मला राग आला होता आणि तिची मुलगी डोळ्यापुढे येत होती. त्या रात्री मला नीट जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी वकीलबाईचा फोन आला, तो शेठनं घेतला आणि आमच्यापुढे येऊन उभा राहिला, चहाशिवाय, आणि ओरडला नाही. म्हणाला, "बाई खूश आहेत. म्हणतात, ह्याहून चांगली साक्ष मिळाली नसती."

आम्हाला कळेना. तो म्हणाला, "आपण कडी आपली म्हटली असती, तर त्यांचं नि आपलं भांडण. कुणी आधी केलं ते शोधत बसा. पण कडी जर सगळ्यांचीच असली, गावोगाव आधीपासून घालत असले, तर ती कंपनीला एकटीला घेताच येत नाही. आता बाईंना तसल्या जुन्या बॅटऱ्या पाहिजेत. आणि आधी कुणी घातली ते सांगणारी माणसं."

मी वैशाखऱ्याचीकडे बघितलं. ती पान लावत होती. "मंग रविवारी ये घरी," ती म्हणाली.

रविवारी शेठनं जीप दिली, मी तिच्या घरी गेले आणि आम्ही दोघी कामाला लागलो. मला सांगायला हरकत नाही, माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात मजेचा रविवार. सगळ्यात आधी कुणी घातलं, एवढं एकच विचारत हिंडायचं!

पहिला मुक्काम तिचंच घर. तिचा सासरा ओटीवर बसला होता. भात पिकायला आलं की डुकरं येतात, म्हणून म्हातारा रोज शेतातल्या माळ्यावर राखणीला जायचा. पितळी बॅटरी उशाशीच. त्यानं बटण काढून दाखवलं, खाली काळी पडलेली रबराची कडी.

"हिच्याशिवाय बॅटरी चालतेय व्हय?" तो म्हणाला. "बटन आत बसलं आनि पेटलीच नाय, तर डुकराला काय आरती ओवालू?"

"पण शिकवलं कुणी तुम्हाला?"

"डोलखांबच्या व्याह्यानं."

डोळखांबला जायला आम्हाला वळसा घालून शहापूरवरून जावं लागलं. व्याही, म्हणजे तिच्या थोरल्या जावेचा बाप, डोंगराच्या कुशीतल्या पाड्यावर राहायचा. दारात नाचणी वाळत होती. प्रश्न ऐकून तो उठून उभाच राहिला. "मी शिकवलं? त्याला? मी तर त्याच्याकडं बगितलं! पोरीच्या लग्नाची बोलनी करायला गेलो व्हतो तवा!"

"तो तर म्हणतो तुम्ही."

"त्याला आठवन राहत नाय. लग्नात हुंडा नको म्हनाला व्हता ते तरी आठवतंय का त्याला, विचारा." मग डोकं खाजवत म्हणाला, "नायतर असं करा. खर्डीच्या सायकलवाल्याला विचारा. आमी सगले रबर त्याच्याकडनंच आनतो."

खर्डी तर माझं माहेर, म्हणजे तुझ्या आईचं पण. स्टेशनाबाहेर पिंपळाखाली तो सायकलवाला बसायचा, तुझ्या आजोबांची सायकल त्यानंच किती वेळा नीट केली. त्याच्याकडे एक डबी होती, त्यात वॉलट्यूबचे बारके बारके तुकडे. "हे बॅटरीपुरते," तो म्हणाला. "कापून ठेवतो. ह्याचं काय घ्यायचं? नेतात लोक."

मी हात जोडले. "काका, आधी कुणी मागितला तुमच्याकडे, बॅटरीपुरता तुकडा?"

त्यानं पंप खाली ठेवला आणि खरोखर विचार केला. "एक माणूस व्हता. गाडी पकडायला चाललेला. हातात बॅटरी. म्हनाला, एवडासा तुकडा दे. मी म्हटलं कशाला, तर त्यानं घालून दाखवला."

"कोण होता? कुठला?"

"गाडी आली, तो गेला." सायकलवाला हसला. "पन त्याला घालायचं आदीच ठावं व्हतं, बाय. त्यानं पन कुठंतरी बगितलं असनारच."

संपला आमचा रस्ता. स्टेशनावरनं गाडी सुटली, तिच्या मागे आम्ही काही जाऊ शकत नव्हतो. परतताना मी जीपमध्ये बसून एकच विचार करत होते. एवढ्या घरी विचारलं, एक माणूस म्हणाला नाही की माझं. उलट ज्यानं त्यानं दुसऱ्याचं नाव सांगितलं, आणि सांगताना असा खुलला, जसं कुणाकडनं शिकलो हे सांगण्यातच मोठेपणा आहे. आणि इकडे मी ह्या बाईला "माझं म्हण, माझं म्हण" म्हणून टोचत होते. मी तिला म्हटलं, "गो, तुझं खरं होतं." ती म्हणाली, "खरं बिरं जाऊ दे, कंबर मोडली ह्या जीपनं."

बॅटऱ्या मात्र गोळा झाल्या. पितळी, पत्र्याच्या, एक तर दोऱ्यानं बांधलेली. पण बघ, ऐन राखणीच्या दिवसांत लोकांनी त्या दिल्या. सासऱ्यानं पण दिली, आणि दिवाळीपर्यंत कंदील घेऊन, पत्र्याचा डबा बडवत बसला. ह्या वर्षी डुकरांनी थोडं जास्त खाल्लं तर खाऊ दे, म्हणाला, त्यांना पण दिवाळी आहे. पण सुनेच्या कामासाठी दिली असं काही तो बोलला नाही.

तारखेला आम्ही ठाण्याला गेलो, वैशाखऱ्याची, मी आणि शेठ. आमच्या वकीलबाईनं टेबलावर बॅटऱ्या मांडल्या, जसा आठवडी बाजार. न्यायाधीशसाहेबांनी एक उचलली, बटण दाबलं, सोडलं, परत दाबलं. मग स्वतः उघडायला गेले, तर कडी उडाली आणि टेबलाखाली गेली. पट्टेवाला वाकून शोधायला लागला. सापडली तेव्हा ती देता देता तो आमच्या बाजूला हळूच म्हणाला, "आमच्या जुन्नरकडं पण घालतात." मला इतकं हसू आलं की मी पदर तोंडात कोंबला. घाटाच्या वर पण पोचलं होतं ते रबर!

समोरचा वकील पुष्कळ बोलला. बॅटरी वेगळी, खेळ वेगळा, असं त्याचं म्हणणं. आमची वकीलबाई म्हणाली, बटण ते बटण. साहेबांनी त्या दिवशी काम थांबवायला नकार दिला. पुढे काही महिन्यांनी त्या कंपनीनं दावाच मागे घेतला. बाई म्हणाली, लढत राहिले असते तर त्यांचं पेटंटच रद्द व्हायची पाळी आली असती, म्हणून.

पण तो पुढचा भाग. आमच्यासाठी त्या दिवशीच सगळं झालं. कोर्टाबाहेर वैशाखऱ्याचीनं पान काढलं, पण खाल्लं नाही. म्हणाली, "मुकादमाला नाय म्हनून सांगायला पायजे." आणि मग खाल्लं.

मुलगी शिकली. दहावी झाली, मग मुरबाडच्या कॉलेजात गेली. आता ती वैशाखऱ्यालाच अंगणवाडीत शिकवते, आई तिच्याजवळ राहते. गाळा तेवढा राहिला नाही. दोन हजार सालानंतर परदेशातनं तयार खेळ इतके स्वस्त यायला लागले की आमचं हँडल कुणी घेईना. कुठल्याही पेटंटानं जे झालं नाही ते त्यानं झालं. शेठ हुशार, त्यानं दारावरच्या बेलची बटणं सुरू केली. आत कडी तीच. गुडघे धरेपर्यंत आम्ही दोघी तिथेच होतो.

आता माझा प्रश्न. तुझा फोन आल्यापासून तो मला झोपू देत नाही.

कोर्टात आम्ही जिंकलो, बरोबर झालं. काडी कुणाचीच नाही. पण बॅटरीतलं रबर खेळाच्या बटणात आधी घातलं ते आमच्या ह्याच बाईनं ना? रबर सगळ्यांचं, पण तिथनं उचलून इथं ठेवणं, ते कुणाचं? आणि आता तुझी ती थरथर. थरथर तर आपल्या भाताच्या गिरणीच्या खांबाला हात लावला तरी लागते. ती कुणी शोधली नाही. पण हँडलात कुणीतरी आधी आणली. मग ती त्याची म्हणायची का? त्याची असेल, तर वैशाखऱ्याचीचं पण काहीतरी होतं, जे आम्ही नदीत सोडून दिलं. आणि नसेल, तर ती परदेशी माणसं एवढी भांडतायत कशाला? वकीलबाईला मी हे विचारलं होतं तेव्हा. ती म्हणाली, "मावशी, ह्याचं उत्तर मला पक्कं माहीत नाही." मला तिचं ते आवडलं. पण तू तिच्या पुढचं शिकलीस. तुला माहीत असणार.

मी हे वैशाखऱ्याचीला पण विचारलं. ती म्हणाली, "त्यात थरथरतं काय, ते आदी उघडून बगू दे. मंग सांगते कुनाचं."

तर ऐक. फोनवर नको सांगू, फोन तू ठेवून देतेस. तुझ्या ऑफिसातलं नाहीतर कुणाचंही ते थरथरणारं हँडल घे आणि ये. मुरबाड स्टँडवर मी येईन न्यायला, तिथनं वैशाखऱ्याला जाणारी एसटी धरू. सासऱ्याची बॅटरी वैशाखऱ्याचीनं जपून ठेवली आहे, बटण अजून टुणकन वर येतं. स्क्रू काढायचा पेचकस तिच्या पानाच्या पिशवीतच असतो, तो आणू नको. नाचणीची भाकरी आणि सुकट करायला सांगितलं आहे तिला. आमच्या दोघींचे डोळे आता फार बारीक बघायच्या कामाचे राहिले नाहीत, म्हणून म्हणते. लवकर ये गो.